दोन तरंगांची साक्ष

सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय. हे शब्द आता इतके घरगुती झाले आहेत की, त्यांचा अर्थ सांगत बसणे म्हणजे श्रोत्यांचा वेळ घेणे होईल. तपासणीहून परतताना हाती एक भला मोठा लिफाफा असतो, आणि घरी कोणी विचारले तर आपण सांगतो, "पोटाचा फोटो काढला." या 'फोटो' शब्दाविषयीच आम्हांला आज बोलायचे आहे. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे जे चित्र घेतले, ते खरोखरीच छायाचित्र होते. हाडांनी किरण अडविले, त्यांची छाया काचेवर उमटली, एवढाच तो व्यवहार. सी. टी. स्कॅनच्या यंत्राला मात्र असे कोणतेही चित्र दिसत नाही. त्याला मिळतात ते नुसते आकडे : या दिशेने इतके किरण आत गेले, इतके बाहेर आले. अशा लक्षावधी आकड्यांवरून आत काय असले पाहिजे, याचा जो हिशेब मांडला जातो, तो हिशेब म्हणजेच डॉक्टरांच्या पडद्यावरचे चित्र. आणि हिशेब म्हटला की, तो चुकण्याच्या वाटाही आल्या.

गणितात या जातीच्या हिशेबाला व्यस्त प्रश्न म्हणता येईल. शब्द आपल्याला परका नाही. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी रचलेल्या 'लीलावती'त व्यस्तविधी सांगितला आहे. कोणी एक संख्या मनात धरली, तिला तिनाने गुणले, त्यात काही मिळविले, वर्ग केला, आणि शेवटी उत्तर अमुक आले. तर मूळ संख्या कोणती? भास्कराचार्य सांगतात, शेवटाकडून उलट चालत या. गुणाकाराच्या जागी भागाकार करा, मिळविले असेल तेथे वजा करा, वर्ग असेल तेथे वर्गमूळ घ्या. (याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी तो अवश्य पाहून यावा.) लीलावतीतली उदाहरणे सुटतात, कारण तेथे जिन्याची प्रत्येक पायरी जशी चढता येते तशी उतरताही येते. शरीराच्या बाबतीत निसर्ग असा सरळ जिना बांधीत नाही. पायऱ्या चढताना मागच्या पायऱ्या जवळजवळ पुसल्या जातात.

हे 'जवळजवळ पुसणे' म्हणजे काय, ते बाजारातल्या हिशेबाने पाहू. समजा, एका वाण्याकडे आपण एक किलो गूळ आणि एक किलो शेंगदाणे घेतले. बिल झाले २०० रुपये. दुसऱ्या दिवशी एक किलो गूळ आणि एक किलो दहा ग्रॅम शेंगदाणे घेतले. बिल झाले २०१ रुपये ५० पैसे. दोन बिले, दोन अज्ञात भाव. दहा ग्रॅम शेंगदाण्यांना दीड रुपया पडला, म्हणजे शेंगदाणे १५० रुपये किलो आणि गूळ ५० रुपये किलो. प्रश्न सुटला. पण आजकाल पन्नास पैशांचे नाणे कोण हाती धरतो? वाण्याने बिल पुरते २०२ रुपये केले, तर त्याच रीतीने शेंगदाणे २०० रुपये किलो ठरतात आणि गूळ चक्क फुकट! उदार होऊन त्याने २०१ च घेतले, तर दोन्ही पदार्थ शंभर-शंभर रुपये किलो. दोनशे रुपयांच्या व्यवहारात अर्ध्या रुपयाची चूक, आणि उत्तराचा असा बोजवारा. हिशेबनिसाचा येथे काही दोष नाही. दोन्ही बिले इतकी एकसारखी होती की दुसऱ्या बिलाने नवीन असे फारसे काही सांगितलेच नव्हते.

फ्रेंच गणिती हादामार याने १९०२ साली चांगल्या प्रश्नाच्या कसोट्या सांगितल्या, त्या पुढे रूढ झाल्या. प्रश्नाला उत्तर असावे, ते एकच असावे, आणि दिलेल्या माहितीत किंचित फरक पडला तर उत्तरातही किंचितच फरक पडावा. तिसरी कसोटी न उतरणारे प्रश्न निसर्गात खऱ्या अर्थाने उद्भवत नाहीत, अशी त्याची समजूत होती. पण पुढच्या काळात भूगर्भातली खनिजे शोधणाऱ्यांना आणि नंतर रुग्णाचे अंतरंग पाहू इच्छिणाऱ्यांना पावलोपावली असेच प्रश्न भेटले. मोजमापात थोडी चूक ही राहणारच; यंत्र कितीही नाजूक असो, वाण्याच्या पन्नास पैशांसारखे काहीतरी कोठेतरी पुरते केले जातेच.

यावर रशियन गणिती तिखोनॉव्ह याने १९४३ साली आणि पुढे १९६३ साली जी तोड सांगितली ती अशी : मोजमापाशी जुळणारी उत्तरे पुष्कळ असतील, तर त्यांतले सर्वांत कमी चमत्कारिक उत्तर निवडा. गूळ फुकट मिळत नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. ते ज्ञान हिशेबात घाला. ही युक्ती मोठ्या उपयोगाची आहे आणि आज शरीरचित्रणाच्या यंत्रांत ती निरनिराळ्या वेषांत वावरते. पण तिची किंमत आपण ध्यानात घेतली पाहिजे. 'कमी चमत्कारिक' म्हणजे बहुधा गुळगुळीत. आणि एखाद्या अवयवात नुकतीच उगवलेली, वाटाण्याएवढी गाठ ही तर चमत्कारिकच गोष्ट असते. फार समजूतदार हिशेब तिला इस्त्री फिरवून सपाट करून टाकील. मग पडद्यावरचा स्वच्छ भाग रुग्णाच्या शरीराने सांगितलेला की हिशेबनिसाने गृहीत धरलेला, हे चित्राकडे पाहून ओळखता येत नाही.

या दृष्टीने सर्व यंत्रे सारख्याच अडचणीत नाहीत. सी. टी. स्कॅनचा प्रश्न सौम्य आहे. सरळ रेषांवरील बेरजा ठाऊक असतील तर मूळ आकृती परत कशी मिळवावी, हे ऑस्ट्रियाच्या योहान राडोन याने १९१७ सालीच लिहून ठेवले होते, तेही कोणत्याही रुग्णाचा विचार मनात नसताना. ते ठाऊक नसलेल्या ॲलन कॉर्मॅक या दक्षिण आफ्रिकेच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६३-६४ मध्ये तोच प्रश्न स्वतंत्रपणे सोडविला. त्याच्या निबंधांची कोणी फारशी दखल घेतली नाही. प्रती मागविणाऱ्यांतली सर्वांत गमतीची मागणी स्वित्झर्लंडातल्या हिमकड्यांचे संशोधन करणाऱ्या केंद्राची होती, असे त्याने पुढे आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितले. तिकडे इंग्लंडात गॉडफ्रे हाऊन्सफील्ड हा अभियंता ई. एम. आय. या ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत वेगळ्याच वाटेने तेथे पोचला. त्याच्या पहिल्या प्रायोगिक यंत्राला एका चित्रासाठी आकडे गोळा करायला नऊ दिवस लागत. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला, आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. क्ष-किरण सरळ रेषेत जातात, वाटेत फारसे भरकटत नाहीत, म्हणून हा प्रश्न सौम्य.

पण क्ष-किरणांना सगळेच दिसते असे नाही. मऊ पेशीसमूहात कोठे रोगट आणि कोठे निरोगी, हा भेद त्यांना पुष्कळदा कळत नाही. दोन्ही सारखेच पारदर्शक. हा भेद विजेला कळतो, प्रकाशाला कळतो, बोटांच्या दाबाला कळतो. दुर्दैव असे की, ज्यांना भेद कळतो ते सरळ चालत नाहीत. विजेचेच घ्या. अर्जेंटिनातील गणिती काल्देरॉन तरुणपणी तेथल्या सरकारी तेल कंपनीत अभियंता होता. जमिनीच्या पृष्ठभागावर वीज सोडून आणि पृष्ठभागावरच तिचे मोजमाप करून खालचे थर कळतील काय, असा प्रश्न त्याला तेव्हा पडला. तो त्याने प्रसिद्ध केला १९८० साली. १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर आणि उलमान यांनी सिद्ध केले की होय, उत्तर एकच असते. लोकांना आनंद झाला. पण १९८८ मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रीनी याने त्या उत्तराच्या स्थैर्याचा हिशेब मांडला, आणि २००१ मध्ये मांडाके याने दाखविले की मुळात याहून बरे स्थैर्य मिळणेच शक्य नाही. ते स्थैर्य कसले, तर साधारणपणे असे : मोजमाप तीन अंकांपर्यंत अचूक असताना जे चित्र मिळते, त्याचा धूसरपणा निम्मा करायचा तर सहा अंकांपर्यंत अचूकता हवी, आणखी निम्मा करायचा तर बारा. इतके सूक्ष्म यंत्र कोणी बांधू शकत नाही. वीज शरीरात शिरली की पाण्यासारखी पसरते, आणि कातडीवर परत येईतो आतल्या बारीक-सारीक गोष्टी विसरून गेलेली असते.

मग दोन यंत्रे एकत्र आणण्याचा विचार पुढे आला, आणि आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. वाण्याकडे परत जाऊ. त्याच दोन बिलांवर कितीही डोकेफोड केली तरी व्यर्थ. पण एखाद्या दिवशी तीन किलो गूळ आणि एक किलो शेंगदाणे घेतले आणि बिल ३०० रुपये झाले, तर पहिल्या बिलाशी ताडून गूळ ५० रुपये किलो हे लगेच निघते. आता अर्धा रुपया इकडे-तिकडे झाला तरी गुळाच्या भावात फरक पडतो तो पंचवीस पैशांचा. नवे बिल अधिक अचूक नव्हते. ते वेगळ्या जातीचे होते. दोन प्रकारच्या तरंगांनी एकाच शरीराची साक्ष काढायची ती यासाठी.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे कर्करोगाच्या रुग्णालयांतून दिसणारे पेट-सी. टी. यंत्र. रुग्णाला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. भुकेल्या गाठी ती साखर अधिक खातात. तेथून निघणारा प्रत्येक पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनबरोबर नष्ट होतो आणि दोन किरण नेमके विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यावर दोन्ही एकाच वेळी टिपले गेले, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी साखर होती, हे कळते. अडचण अशी की, वाटेत शरीर यांतले पुष्कळ किरण खाऊन टाकते. तीस सेंटिमीटर पाण्यातून अशा साधारण अठरा जोड्यांपैकी एकच सुखरूप बाहेर पडते, आणि आपली मांसपेशी या बाबतीत पाण्यासारखीच. म्हणून आकडा लहान आला, तर साखर कमी होती की शरीर जाड होते? एका यंत्राला हे सांगता येत नाही. दोन अज्ञात, एक बिल.

येथे गणित एक सुरेख गोष्ट सांगते. एका रस्त्यावरून दोन जासूद पाठीला पाठ लावून उलट दिशांना निघाले, आणि दोघेही पोचले तरच निरोप पोचला असे मानायचे. एकाला वाटेत जितके धोके, तितके दुसऱ्याचे वाचलेले. दोघांचे मिळून धोके म्हणजे अख्ख्या रस्त्याचे धोके. ते कोठून निघाले याला महत्त्वच नाही. म्हणजे साखर त्या रेषेवर कोठेही असो, नुकसानीचे प्रमाण एकच, आणि ते त्या संपूर्ण रेषेवरून ठरते. अशा रेषांवरील बेरजा हेच तर सी. टी. स्कॅनचे नित्याचे काम! (क्ष-किरणांची ऊर्जा वेगळी असल्यामुळे आकडे रूपांतरित करावे लागतात, एवढेच.) टाउनसेंड आणि नट यांच्या प्रयत्नांतून अशा जोडयंत्राचा पहिला नमुना १९९८ साली पिट्सबर्ग विद्यापीठात उभा राहिला. एरवी दोन चित्रे एकावर एक ठेवून पाहण्याची सोय म्हणून लोक त्याचे कौतुक करतात. आमच्या मते खरे कौतुक या दुरुस्तीचे आहे. ती केली नाही, तर खोलवरचे अवयव खोटेच फिके दिसतात आणि हवेने भरलेली फुप्फुसे खोटीच उजळ.

मात्र दोन साक्षीदार एकाच क्षणाबद्दल बोलत असले पाहिजेत. सी. टी. काही सेकंदांत आटोपते, पेटला मिनिटे लागतात, आणि रुग्ण श्वास तर घेणारच. पहिले चित्र छाती भरलेली असताना घेतले गेले, तर यकृताच्या वरच्या कडेशी यंत्र फुप्फुसाची दुरुस्ती यकृताला लावते, आणि तेथे एक फिका पट्टा उमटतो किंवा यकृतातली गाठ फुप्फुसात गेलेली दिसते. अनुभवी डॉक्टर हे ओळखतात. तपासणीच्या वेळी "श्वास संथ घ्या" असे वारंवार का बजावतात, ते आता श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

याहूनही खोल युती म्हणजे एका तरंगाने आत काहीतरी घडवायचे आणि दुसऱ्याने ते जागच्या जागी पाहायचे. पोट दाबून यकृत घट्ट झाले की काय हे पाहण्याची रीत वैद्य आणि डॉक्टर पिढ्यान् पिढ्या चालवीत आले आहेत. आज तेच काम असे करतात : बाहेरून हलकासा धक्का देऊन शरीरात एक मंद थरथर सोडायची. ती सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगाने सरकते. सोनोग्राफीचा ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. त्याला ती थरथर अवयवाच्या आतून सरकताना आरामात पाहता येते. पॅरिसमध्ये मातियास फिंक आणि त्यांचे सहकारी यांनी ही वाट विकसित केली. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने १९९५ साली हेच एम. आर. आय. च्या साहाय्याने करून दाखविले. थरथर दुप्पट वेगाने गेली तर तेथला भाग चौपट कठीण, असा सोपा हिशेब आहे. आता माहिती कातडीवरून आलेली नसते, थेट आतली असते. म्हणून धूसरपणाचा तो भयंकर नियम येथे लागू पडत नाही.

सर्वांत मनोहर युती आहे ती प्रकाश आणि ध्वनी यांची. अंधारात विजेरीवर तळहात ठेवून पाहा. हात लालबुंद उजळतो, पण हाडे दिसत नाहीत. प्रकाश आत गेला खरा, परंतु सुमारे एका मिलिमीटरभरातच प्रत्येक किरण आपली दिशा विसरला. रक्त, प्राणवायू यांची खबर प्रकाशाला आहे, पण ती कोठली, हे तो सांगू शकत नाही. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याने १८८० साली पाहिले होते की, थांबून-थांबून पडणारा प्रकाश पदार्थाकडून आवाज काढवितो. आज लेसरचा काही अब्जांश सेकंदांचा झोत शरीरावर टाकतात. रक्त तो शोषते, अंशाच्या हजाराव्या भागाने तापते, किंचित फुगते, आणि तेवढ्यानेही सुमारे आठशे पास्कल दाबाचा एक सूक्ष्म टणत्कार निघतो. ध्वनी सरळ चालणारा गडी. तो बाहेर येऊन ठिकाण सांगतो. अमुक क्षणी आलेला आवाज, ध्वनीचा वेग ठाऊक असल्याने, अमुक त्रिज्येच्या गोलावरून आला. म्हणजे राडोनचाच प्रश्न, रेषांच्या जागी गोल घालून. आणि तोही सौम्यच.

येथे थांबलो तर गोष्ट गोड वाटेल, पण ती अपुरी राहील. आवाज सांगतो तो 'किती प्रकाश शोषला गेला' याविषयी. हा एक गुणाकार आहे : तेथे पोचलेला प्रकाश गुणिले त्या जागेची शोषण्याची शक्ती. खोलवरची रक्तवाहिनी मंद वाजली, तर तिच्यात रक्त कमी, की तिच्यापर्यंत उजेडच कमी पोचला? शिवाय उजेड किती पोचेल हे वाटेतल्या शोषणावरच अवलंबून. २०१० मध्ये गियोम बाल आणि तेच पूर्वीचे उलमान यांनी दाखविले की, दोन योग्य प्रकारे निवडलेल्या ठिकाणांहून प्रकाश टाकला, तर शोषण आणि प्रकाशाचा पसरटपणा ही दोन्ही अज्ञाते स्थिरपणे काढता येतात. पण उष्णतेचे दाबात किती रूपांतर होते, हे तिसरे अज्ञात धरले, तर एकाच रंगाचा प्रकाश कितीही बाजूंनी टाका, तिन्ही निघत नाहीत. बाल आणि रेन यांनी २०११ मध्ये ते सिद्ध केले. अशा 'नाही' म्हणणाऱ्या सिद्धांतांचे मोल आम्हांला फार वाटते, कारण ते यंत्र बांधणाऱ्यांचे कष्ट वाचवितात. वाट एकच उरते : प्रकाश अनेक रंगांचा घ्या.

अनेक रंग घेतले की लाभ दुहेरी होतो, कारण प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त निरनिराळे रंग निरनिराळ्या प्रमाणात शोषते, आणि त्या प्रमाणावरून गाठीला प्राणवायू किती मिळतो हे काढता येते. पण प्रकाश आत शिरतो तो कातडीतून. सावळ्या कातडीतले रंगद्रव्य काही रंग अधिक खाते, काही कमी. म्हणजे आत पोचेपर्यंत रंगांचे प्रमाणच बदललेले असते. गोऱ्या कातडीवर बसविलेला हिशेब आपल्यासारख्यांना जसाच्या तसा लावला, तर प्राणवायूचा आकडा चुकेल. ही नुसती शंका नव्हे. कोविडच्या साथीत बोटाला लावायचा जो चिमटा घरोघरी आला, तोही रंगांच्या प्रमाणावरच चालतो. आणि रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असताना चिमट्याने आकडा ठीक दाखविल्याचे प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळले, असे अमेरिकेतील एका पाहणीत २०२० साली प्रसिद्ध झाले. प्रकाश-ध्वनीच्या यंत्राजवळ मात्र या चिमट्याकडे नसलेला एक आधार आहे. कातडीतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते, तापते, आणि स्वतःचा आवाज काढते. ध्वनिग्राहक कातडीला लागूनच असल्यामुळे तो आवाज सर्वांच्या आधी पोचतो. म्हणून कातडीचा रंग हे आणखी एक अज्ञात मानून, प्रत्येक रंगाच्या झोताला तिने काढलेल्या त्या पहिल्या आवाजावरून आत किती उजेड शिरला याचा अंदाज घ्यायचा, आणि मग खालच्या रक्ताकडे वळायचे.